दहा बाय दहाच्या खोलीतला खोटा बास

आमच्या भागातल्या भजनी मंडळाचा एक अभंग मी घरीच रेकॉर्ड केला. मिक्सिंग (वेगवेगळे ट्रॅक एकत्र जुळवणं) मी केलं आणि मास्टरिंगही (त्या एकत्र फाइलीवरचा शेवटचा हात) मीच, कारण बाहेर द्यायला पैसे नव्हते. टेबल भिंतीला लावून त्यावर दोन स्पीकर मांडले आणि खुर्ची ठेवली खोलीच्या बरोबर मध्यावर. पखवाज पातळ वाटला म्हणून खालचे सूर पाच डेसिबलने उचलले. एकदम भरदार! दुसऱ्या दिवशी बुवांनी तो गाडीत लावला आणि दाराचा पत्रा थरथरायला लागला. "पखवाज वाजवलाय की डीजे लावलाय?" बुवा म्हणाले.

गाडी खरं बोलत होती. खोटं बोलत होती ती माझी खोली.

खोली दहा फूट लांब, म्हणजे साधारण 3.05 मीटर. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. ज्या सुराची अर्धी तरंगलांबी बरोबर दहा फुटांत बसते, त्याची वारंवारता निघते 56 हर्ट्झ. हा सूर दोन भिंतींच्या मध्ये अडकतो आणि उभा राहतो. भिंतीपाशी हवेला हलायला जागाच नसते, म्हणून तिथे दाब जोरात चढतो-उतरतो. खोलीच्या मध्यावर हवा भरपूर हलते, पण तिचा दाब जवळजवळ बदलत नाही. कानाला तर दाबातला बदलच ऐकू येतो. त्यात माझी खोली चौकोनी. लांबीचा आणि रुंदीचा असे दोन्ही सूर 56 वरच येतात आणि दोन्ही मध्यावरच गायब होतात. मी खुर्ची नेमकी तिथे टाकली होती, आणि न ऐकू येणारा बास वाढवत बसलो होतो.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. कुठल्याही टोन जनरेटर अॅपवरून 56 हर्ट्झचा सूर स्पीकरवर वाजवा (मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरला एवढा खालचा सूर झेपत नाही) आणि खोलीच्या मध्यापासून हळूहळू भिंतीकडे चालत जा. दोन पावलांत आवाज फुगलेला कळतो. कोपऱ्यात तर छातीत घुमतो. खोलीची लांबी वेगळी असेल तर 343 ला लांबीच्या दुपटीने भागा, तुमचा आकडा मिळेल.

यावर भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला हमखास मिळतो. सहा मीटर लांबीच्या लाटेपुढे दीड इंचाचा पुठ्ठा काय करणार? त्यापेक्षा कापसाच्या जाड गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या केल्या तर थोडा तरी फरक पडतो. फुकटचा उपाय म्हणजे खुर्ची सरकवणं. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे 38 टक्क्यांवर बसावं, असा जुना ठोकताळा आहे. मी बसून पाहिलं. पखवाज तिथे आधीपासूनच पुरेसा होता.

खोलीनंतर फसवतो तो आपला कान. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिलं की आवाज लहान असताना खालचे सूर आपल्याला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. रात्री घरचे झोपल्यावर बारीक आवाजात मास्टरिंग केलं की सकाळी बास बोकाळलेला सापडतो, तो यामुळे. शिवाय तीच फाइल एक-दीड डेसिबल मोठी वाजली तरी ती 'जास्त चांगली' वाटते. म्हणून कम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवळणारा) किंवा ईक्यू (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारा) लावल्यावर बाहेर येणारा आवाज आधीइतकाच करून मगच तुलना करायची. माझे निम्मे 'सुधार' या एका सवयीने बाद झाले.

आता टाळ. टाळाचा ठोका क्षणभराचा, पण त्याच्या लाटेचं टोक भयंकर उंच. माझ्या फाइलीत ते टोक सरासरीच्या 16 डेसिबल वर होतं. मला गाणं उणे 8 एलयूएफएसपर्यंत न्यायचं होतं. (एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप, 2006 च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणावर बेतलेलं.) उणे 8 मध्ये 16 मिळवले की टोकं जातात अधिक 8 वर. डिजिटल फाइलीत शून्याच्या वर जागाच नाही, आणि एमपीथ्रीसारख्या रूपांतरात टोकं थोडी वर सरकतात म्हणून मर्यादा उणे 1 ठेवतात. म्हणजे लिमिटरला (मर्यादेच्या वर जाणारी टोकं दाबणाऱ्या साधनाला) प्रत्येक ठोक्याला 9 डेसिबल दाबणं आलं. तो टाळ दाबतो तेव्हा त्याच क्षणी बुवांचा आवाज, पेटी, सगळंच दबतं आणि मग वर येतं. गाणं धापा टाकतंय असं वाटतं.

आणि हे सगळं कशासाठी? स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी उणे 14 च्या आसपास आणून वाजवतं. माझं उणे 8 तिथे 6 डेसिबलने खाली येणार, म्हणजे लाटेची उंची निम्मी. मोठेपणा गेला, धाप तेवढी राहिली. थेट उणे 14 वर थांबलो असतो तर लिमिटरला फक्त 3 डेसिबल दाबावे लागले असते.

तबकड्यांच्या काळात ही मर्यादा डोळ्यांना दिसायची. बास जास्त झाला की खाच रुंद व्हायची, तबकडीवर मिनिटं कमी मावायची, सुई उडायची. मास्टरिंग करणारा माणूस आधी या खाचेचा विचार करायचा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती सुई नाही, म्हणून आम्ही सुटलो.

मास्टरिंगच्या फाइलीतून टाळ एकटे बाहेर काढता येत नाहीत. तिथे सगळे वारकरी एकाच दिंडीत. म्हणून मी परत मिक्समध्ये गेलो, टाळांचा ट्रॅक 4 डेसिबल खाली घेतला, ईक्यूत वाढवलेला बास काढून टाकला, आणि नवी फाइल बुवांना पाठवली.

गाडीतूनच फोन आला. "पखवाज झकास झालाय. पण आमच्या टाळकऱ्यांनी तुझं काय वाकडं केलंय?"

दोन डेसिबल परत दिले.