उडी मारणं वेगळं, पसरणं वेगळं

८ मार्च आला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमारचा फोटो येतो. खाली मजकूर ठरलेला: "वाय-फाय, ब्लूटूथ आणि जीपीएसची जननी". बाईंबद्दल मला आदर आहे. संगीतकार जॉर्ज अँथाइलसोबत त्यांना ऑगस्ट १९४२ मध्ये पेटंट मिळालं. टॉर्पेडोला रेडिओवरून दिशा देताना शत्रूने सिग्नल जॅम करू नये, म्हणून पाठवणाऱ्याकडे आणि टॉर्पेडोत भोकं पाडलेल्या सारख्याच पट्ट्या सारख्याच वेगाने फिरवायच्या आणि ८८ फ्रिक्वेन्सींवर दोघांनी मिळून उड्या मारायच्या. पियानोच्या पट्ट्याही ८८ आणि कल्पनाही स्वयंचलित पियानोच्या कागदी रोलवरून आलेली. डोकं भन्नाटच. पण त्या तीन नावांपैकी उड्या मारतं फक्त ब्लूटूथ. जीपीएस जागचं हलत नाही. वाय-फायचं प्रकरण तिसरंच आहे, ते पुढे.

फॉरवर्डवर चिडून उपयोग नाही, पण हाच गोंधळ व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ऐकला की माझा चहा थंड होतो. मी नागपुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना शिकवतो आणि अधूनमधून बाहेरचा परीक्षक म्हणूनही जातो. फ्रिक्वेन्सी हॉपिंग आणि डायरेक्ट सीक्वेन्स यांतला फरक विचारला की पाठ केलेलं उत्तर येतं: "सर, दोन्हीत सिग्नल मोठ्या बँडविड्थवर पसरवतात. एकात फ्रिक्वेन्सी बदलते, दुसऱ्यात कोड लावतात." मी विचारतो, "हॉपिंगला कोड नसतो का?" शांतता. मग मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटतं, "म्हंजे दोन्ही एकच होय न जी?"

नाही, एकच नव्हे. कोड, म्हणजे दोन्ही टोकांना ठाऊक असलेला ठरलेला क्रम, दोन्हीकडे असतो. गरजेपेक्षा कितीतरी जास्त बँडविड्थ, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा रुंद पट्टा, दोन्ही वापरतात, आणि कोड ठाऊक नसलेल्याला दोन्ही नीट ऐकू येत नाहीत. साम्य इथे संपलं.

हॉपिंग, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या उड्या, तुम्हाला वरच्या टॉर्पेडोवरून कळलंच आहे, लांबण लावत नाही. जुनं, म्हणजे हेडफोनवालं ब्लूटूथ २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमध्ये एकेक मेगाहर्ट्झचे ७९ चॅनल धरतं आणि सेकंदाला १६०० उड्या मारतं. एका चॅनलवरचा मुक्काम ६२५ मायक्रोसेकंदांचा. उड्यांचा क्रम दोन्ही टोकांना ठाऊक. बस.

अडतं ते पुढच्या प्रश्नावर: सिग्नल पसरतो म्हणजे नक्की केव्हा पसरतो?

या गोंधळाचं मूळ मला लॅबमध्येच सापडलं. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे हे पडद्यावर दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरला 'मॅक्स होल्ड' नावाची सोय असते. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला आतापर्यंत दिसलेली सर्वांत मोठी पातळी पडद्यावर तशीच धरून ठेवायची. मुलं पहिली ती चालू करतात, कारण चित्र स्थिर आणि देखणं येतं, जर्नलात चिकटवायला बरं. मॅक्स होल्डवर मिनिटभर ब्लूटूथ बघा, जवळपास ८० मेगाहर्ट्झचं सपाट पठार दिसेल. जुन्या पद्धतीचं, म्हणजे डायरेक्ट सीक्वेन्सवालं, वाय-फाय बघा, २२ मेगाहर्ट्झचा डोंगर दिसेल. पठार काय नि डोंगर काय, "दोन्ही पसरलेले" असं लिहून मुलं मोकळी. आता मॅक्स होल्ड बंद करा. डोंगर डोंगरच राहतो. पॅकेटगणिक लुकलुकतो खरा, पण जेव्हा दिसतो तेव्हा अख्खा. आणि ब्लूटूथचं पठार गायब! त्याच्या जागी एक बारीक सुई, आत्ता इथे, मग तिथे.

हॉपिंगचा सिग्नल कुठल्याही क्षणी अरुंदच असतो. पसरलेला दिसतो तो आपण वेळेची बेरीज करतो म्हणून. डायरेक्ट सीक्वेन्सचा सिग्नल मात्र त्या त्या क्षणालाच रुंद असतो. बाकीचे सगळे फरक यातून निघतात, आणि हा एक कळला नसेल तर पाठ केलेला तक्ता कितीही लांब असो, फुकट.

हॉपिंगला उपमा पुरते. बर्डीहून इतवारीला माल पोचवणारा ऑटोवाला दर खेपेला रस्ता बदलतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या गर्दीत, एक रस्ता तुंबला तर ती खेप अख्खी अडकते. बाकीच्या खेपांना झळ नाही. डायरेक्ट सीक्वेन्सला मात्र उपमा देऊ नका. 'एका खोलीत प्रत्येक जोडी वेगळ्या भाषेत बोलते' ही पुस्तकी उपमा मला मनापासून नावडते. ती परिणाम सांगते, यंत्रणा लपवते. अकरा आकड्यांचं गणित करा, पाच मिनिटांत विषय संपतो.

पहिल्या वाय-फायच्या, म्हणजे १९९७ च्या ८०२.११ या मानकाच्या, डायरेक्ट सीक्वेन्स प्रकाराने बार्कर कोड वापरला. अकरा चिप्सचा (चिप म्हणजे कोडमधलं एकेक चिन्ह):

+ − + + − + + + − − −

बिट १ असेल तर हाच क्रम पाठवायचा, ० असेल तर सगळी चिन्हं उलटी करून. एका बिटाच्या वेळेत अकरा चिप्स कोंबल्या म्हणजे चिन्हं अकरापट वेगाने बदलणार, आणि वेगाने बदलणाऱ्या गोष्टीला बँडविड्थ जास्त लागते. सिग्नल पसरतो तो एवढ्यानेच. कुठेही उडी मारलेली नाही.

आता समजा आपण ० पाठवला आणि नेमका त्याच फ्रिक्वेन्सीवर एक दांडगा, अरुंद सिग्नल येऊन बसला. आपली चिप एक रुपयाची, त्याची ताकद पाचाची. तो प्रत्येक चिपमध्ये ५ मिळवतो. रिसीव्हरला मिळतं:

४, ६, ४, ४, ६, ४, ४, ४, ६, ६, ६

सगळे आकडे धन. आपण पाठवलेला ० यात कुठे दिसतो का? कोड नसलेल्या माणसाला फक्त तो दांडगाच दिसणार. आता रिसीव्हर आपल्याकडच्या कोडने एकेक आकडा गुणतो. कोडमध्ये सहा अधिक आहेत, पाच उणे. अधिकांच्या जागी सहाही वेळा ४ आहेत: २४. उण्यांच्या जागी पाचही वेळा ६: ३०. बेरीज २४ उणे ३०, म्हणजे उणे ६. ऋण आलं, म्हणजे बिट ०. बरोबर!

हे वहीत स्वतः करून बघा, बिट १ घेऊनही. उत्तर अधिक १६ यायला हवं.

झालं काय? आपला सिग्नल कोडने दोनदा गुणला गेला, एकदा पाठवताना आणि एकदा घेताना. अधिक गुणिले अधिक अधिकच, उणे गुणिले उणेही अधिकच. म्हणून सगळ्या चिप्स एका दिशेला उभ्या राहिल्या आणि अकराची बेरीज झाली. तो दांडगा मात्र एकदाच गुणला गेला, रिसीव्हरमध्ये. त्याचे तुकडे काही अधिक, काही उणे झाले आणि त्याने त्याचं त्यालाच खाल्लं. ५५ जमायला हवे होते, उरले ५. ज्या गुणाकाराने आपला सिग्नल गोळा होतो, त्याच गुणाकाराने परका सिग्नल उधळला जातो. कोड लावतात म्हणजे हे करतात.

(प्रामाणिकपणे सांगायचं तर उदाहरण मी सोयीचं घेतलं. बार्कर कोडची बेरीज १ येते म्हणून ऐन मधोमध बसलेला सिग्नल इतका छान मरतो. थोडा बाजूला असेल तर इतका नाही. सरासरी हिशोब शक्तीत अकरापट, म्हणजे १०.४ डेसिबल. यालाच प्रोसेसिंग गेन म्हणतात.)

म्हणून माझा व्हायवातला प्रश्न आता बदलला आहे. मायक्रोवेव्ह ओव्हन चालू आहे, शेजारी दोन लिंक आहेत, एक हॉपिंगची, एक डायरेक्ट सीक्वेन्सची. कोणाचं काय होईल? ओव्हनचा मॅग्नेट्रॉन २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास गुरगुरतो, तेही साधारणपणे विजेच्या अर्ध्या आवर्तनात: आपल्या ५० हर्ट्झला दहा मिलिसेकंद चालू, दहा बंद. त्या दहा मिलिसेकंदांत ब्लूटूथच्या सोळा उड्या होतात. ज्या ओव्हनच्या पट्ट्यात पडतात त्यांवरचं पॅकेट गेलंच समजा, ते पुन्हा पाठवावं लागतं. बाहेर पडलेल्यांना खरचटतही नाही. डायरेक्ट सीक्वेन्सच्या पट्ट्यात ओव्हन येत असेल तर त्या काळातल्या प्रत्येक बिटाला थोडा थोडा मार बसतो. तो प्रोसेसिंग गेनच्या आत असेल तर बिटं बिनचूक येतात. बाहेर गेला तर कुठल्याच बिटाचा भरवसा राहत नाही. एकाला कधीकधी पुरता मार, दुसऱ्याला सतत थोडाथोडा. "ब्लूटूथ वाचेल, कारण ते सिक्युअर आहे" असं उत्तर मला मिळालेलं आहे.

२००३ मध्ये आलेल्या ब्लूटूथ १.२ पासून ते मार बसणारे चॅनल ओळखून टाळतंही, फक्त निदान २० चॅनल हातात ठेवावे लागतात. हा शहाणपणा डायरेक्ट सीक्वेन्सला जमत नाही. तो जिथे बसला तिथे बसला. त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झच्या गजबजाटात मी डोळे झाकून हॉपिंग घेईन.

दुसरी चीड आणणारी गोष्ट: "प्रोसेसिंग गेनमुळे नॉइज कमी होतो." पुस्तकांतही अशी वाक्यं सापडतात. परक्या सिग्नलविरुद्ध फायदा आहे, साध्या थर्मल नॉइजविरुद्ध, म्हणजे उष्णतेमुळे कायम असणाऱ्या खरखरीविरुद्ध, शून्य. अकरापट रुंद दार उघडलं, अकरापट नॉइज आत आला. मग कोडने गोळा करताना अकरापट कमावलं. जमाखर्च बरोबरीत. तेवढ्याच ताकदीने, तेवढ्याच वेळात, न पसरवता बिट पाठवला असता तरी तेवढंच मिळालं असतं. "मग जीपीएस नॉइजच्या खालून कसं काय ऐकू येतं?" हा पुढचा प्रश्न असतोच. जीपीएसचा नागरी कोड १०२३ चिप्सचा, दर मिलिसेकंदाला पुन्हा सुरू होणारा, आणि डेटा सेकंदाला जेमतेम ५० बिट. सिग्नल नॉइजच्या सुमारे २० डेसिबल खाली असतो, पण कुठल्या नॉइजच्या? दोन मेगाहर्ट्झच्या दारातून आत आलेल्या सगळ्या नॉइजच्या. ५० बिटांना पुरेल एवढंच दार ठेवून मोजा, तोच सिग्नल वर दिसेल. पसरवण्याचे जीपीएसला मिळणारे फायदे वेगळे आहेत: सगळे उपग्रह एकाच १५७५.४२ मेगाहर्ट्झवर नांदतात, आणि चिपची कड धारदार असल्यामुळे वेळ, म्हणून अंतर, बारकाईने मोजता येतं. आपल्या 'नाविक' या भारतीय उपग्रह-प्रणालीचं गणितही याच घराण्यातलं.

डायरेक्ट सीक्वेन्सची खरी दुखरी नस मात्र वेगळीच. प्रोसेसिंग गेन अमर्याद नसतो. दांडगा ५ ऐवजी १५ चा असता तर वरच्या उदाहरणात बेरीज अधिक ४ आली असती आणि ० चा १ झाला असता. २००३ च्या सुमारास बर्डीवर सीडीएमए हँडसेटचे बोर्ड झळकत होते, ते आठवत असतील. त्या डायरेक्ट सीक्वेन्सवाल्या मोबाइल पद्धतीत सगळे फोन एकाच सव्वा मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकाच वेळी बोलायचे, फक्त कोड वेगळे. टॉवरखाली उभा असलेला फोन पूर्ण ताकदीने ओरडला तर चार किलोमीटरवरचा मेलाच. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा सांगायचा: वाढव, कमी कर. हॉपिंगमध्ये ही कटकट फार कमी, कारण शेजारी त्या क्षणी बहुधा दुसऱ्याच चॅनलवर असतो.

किरकोळ गोष्टी भराभर उरकतो. स्लो हॉपिंग की फास्ट, हा प्रश्न सेकंदाला किती उड्या याचा नाही, एका उडीत किती बिटं याचा आहे. १६०० उड्या मारूनही ब्लूटूथ स्लोच. आजचं वाय-फाय बहुतांश ओएफडीएम आहे. ते शेकडो अरुंद वाहकांवर वेगवेगळी बिटं वाटतं, त्याला स्प्रेड स्पेक्ट्रम (हॉपिंग, डायरेक्ट सीक्वेन्स अशा पसरवण्याच्या पद्धतींचं एकत्र नाव) म्हणू नका. गंमत म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरच्या पुष्कळ राउटरांचे बीकन, म्हणजे 'मी इथे आहे' असं सांगणारे संदेश, अजूनही १ एमबीपीएसवर, म्हणजे त्याच अकरा चिप्सच्या बार्कर कोडमध्ये जातात. डोंगर बघायचा तर तेच शोधा. लोरा हे लांब पल्ल्याचं रेडिओ तंत्र हॉपिंग आणि डायरेक्ट सीक्वेन्स या दोन्हींतलं नाही, तिथे फ्रिक्वेन्सी सरकत जाते. आणि दोन्ही पद्धती एकत्र येऊ शकतात, रिमोटच्या विमानांच्या डीएसएमएक्स या रेडिओ पद्धतीत येतातही.

शेवटचं, प्रोजेक्टवाल्या पोरांसाठी. एनआरएफ२४एल०१ हे स्वस्त रेडिओ मॉड्यूल आणून रिपोर्टात "स्प्रेड स्पेक्ट्रम वापरला" असं लिहू नका. त्यात १२६ चॅनल आहेत, पण ते आपणहून एकही उडी मारत नाही. तुम्ही ७६ नंबर दिला की दिवसभर ७६ वरच बसतं. उड्या हव्या असतील तर चॅनलचा क्रम, दोन्ही टोकांचं घड्याळ जुळवणं आणि चुकामूक झाली तर पुन्हा गाठ कुठे घालायची, हे सगळं प्रोग्रॅममध्ये तुम्हालाच लिहावं लागेल. लिहून आणलंत तर व्हायवात मी दुसरा प्रश्न विचारणार नाही.