हाकललेला विचार परत का येतो?

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाच्या, दुसऱ्या आठवड्यात आमच्या मंडळीच्या महिला सभेत मी स्त्रियांच्या आरोग्यावर बोलले. रक्तक्षय, थायरॉइड, पाळीच्या तक्रारी असे नेहमीचे विषय. आयुष्यभर सोलापुरात जीवशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे बोलायला अवघड गेलं नाही. शेवटी बिस्किटांचा एक रिकामा डबा फिरवला आणि म्हटलं, नाव न लिहिता प्रश्न टाका. घरी येऊन डबा उघडला, तर रक्तक्षयाबद्दल फारसं कुणी विचारलंच नव्हतं. एका चिठ्ठीत पेन्सिलीने लिहिलं होतं: "बाई, देहाचे वाईट विचार येतात. उपास धरला, गुडघे टेकून प्रार्थना केली, तर जास्तच येतात. माझा विश्वास कमी पडतोय का?" 'जास्तच'च्या खाली दोन रेघा होत्या.

त्या दोन रेघांमुळे हा लेख लिहिते आहे. त्या बहिणीने नकळत एक अचूक निरीक्षण नोंदवलं आहे आणि त्याचं उत्तर मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत सापडतं.

आधी एक गैरसमज बाजूला करते. कामवासना ही पुरुषांची अडचण आणि बायकांचं काम फक्त पदर सावरण्याचं, असं आपल्याकडे धरून चालतात. शिबिरात मुलांना वासनेवर संदेश देतात आणि मुलींना पोशाखावर. शरीर असा भेद करत नाही. स्त्रीच्या अंडाशयात आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमध्येही टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचं समजलं जाणारं संप्रेरक तयार होतं. बीजमोचनाच्या (अंडाशयातून बीज बाहेर पडण्याच्या) आधी इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं, त्या दिवसांत इच्छेतही सरासरी वाढ दिसते. पुढे प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक चढलं की ती ओसरते. अमेरिकेत लैंगिक वर्तनाचे संशोधक अल्फ्रेड किन्से यांनी १९५३ साली ५,९४० स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६२ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी हस्तमैथुन केल्याचं सांगितलं होतं. त्या स्त्रियांची निवड काटेकोर नमुना पद्धतीने झालेली नव्हती, म्हणून हा आकडा जगातल्या सगळ्या बायकांना लावता येणार नाही. तरी 'हे फक्त मलाच होतं' असं मानून झुरणाऱ्या बाईला तो पुरेसा आहे.

आता 'जास्तच'कडे वळू.

१९८७ साली टेक्सासमधल्या ट्रिनिटी विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्याला एकट्याला बसवायचं आणि पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं. अट एकच, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच, तर समोरची घंटी वाजवायची. घंटी सरासरी मिनिटाला एकाहून जास्त वेळा वाजली. खरी गंमत त्यापुढे झाली. नंतरच्या पाच मिनिटांत 'आता खुशाल अस्वलाचा विचार करा' असं सांगितलं, तेव्हा या विद्यार्थ्यांच्या मनात अस्वल फार दाटून आलं. ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती, त्यांच्याहूनही जास्त. दाबलेला विचार उसळी घेऊन वर आला होता.

असं का व्हावं? वेग्नर यांनी १९९४ साली मांडलेलं उत्तर मला इतकं आवडतं, की ते सावकाश सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोलापूरकरांना ते मागावरून लवकर कळेल.

लहानपणी आमच्या घराच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना होता. ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे, ते शेकडो असतात. ज्या मागाला ताणा तुटल्यावर आपोआप थांबायची सोय असते, त्यावर प्रत्येक धाग्याला एक पातळ पत्री लटकवलेली असते. धागा ताठ असेपर्यंत पत्री वर राहते. धागा तुटला की ती खाली पडते, विजेचं मंडल पूर्ण होतं आणि माग थांबतो. मग विणकर तुटलेलं टोक शोधतो, गाठ मारतो, माग पुन्हा सुरू करतो.

'अमुक विचार करायचा नाही' असं ठरवताच मनात अशीच दोन कामं सुरू होतात. एक विणकराचं: नको असलेल्या विचाराच्या जागी दुसरं काहीतरी आणून बसवायचं. हे काम जाणूनबुजून करावं लागतं आणि त्याला लक्ष लागतं, ताकद लागते. दुसरं पत्रीचं: तो नकोसा विचार कुठे डोकावतोय का, हे तपासत राहायचं. हे आपोआप चालतं, त्याला कष्ट पडत नाहीत, ते थकत नाही.

आता पत्रीकडे नीट बघा. धागा तुटल्याचं कळायला तिला सतत त्या धाग्याला टेकून राहावं लागतं. मनातल्या पहारेकऱ्याचंही तेच आहे. 'तो' विचार ओळखायचा, तर त्याचा नमुना कायम हाताशी हवा. म्हणजे ज्याला घरात घ्यायचं नाही, त्याचा फोटो उंबऱ्यावर लावून ठेवलेला. त्यामुळे तो विचार जाणिवेच्या अगदी काठावर राहतो. मागाची उपमा मात्र इथे अपुरी पडते. मागावर पत्री पडल्याने धागा तुटत नाही. मनात पहारेकऱ्याची शोधाशोधच विचाराला वर ढकलते. विणकर ताजातवाना असेल तर तो लगेच गाठ मारतो आणि आपल्याला वाटतं, जमलं. विणकर थकला, भुकेला असला, त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं, की पत्र्या पडत राहतात आणि गाठ मारायला कुणी नसतं.

हे तपासलं कसं? १९९२ साली वेग्नर आणि राल्फ अर्बर यांनी लोकांना एक शब्द मनातून दाबायला सांगितला आणि मग पडद्यावर वेगवेगळ्या रंगांत शब्द दाखवले. शब्द वाचायचा नाही, फक्त त्याचा रंग सांगायचा. जो शब्द मनाच्या काठावर असतो, त्याचा अर्थ मध्ये घुसतो आणि रंग सांगायला उशीर लागतो. तो उशीर म्हणजे शब्द किती काठावर आहे याचं माप. त्याच वेळी एक लांबलचक आकडा लक्षात ठेवायचा बोजाही दिला, म्हणजेच विणकराला दुसऱ्या कामाला जुंपलं. बोजा असताना सगळ्यात जास्त उशीर दाबलेल्या शब्दाला लागला. मुद्दाम आठवत ठेवलेल्या शब्दापेक्षाही दाबलेला शब्द काठाच्या जवळ होता. वाक्य पुन्हा एकदा वाचावं लागलं तरी वाचा, कारण सगळं याच्यात आहे.

आता ती चिठ्ठी पुन्हा काढू. उपास म्हणजे भूक. रात्रीची प्रार्थना म्हणजे कमी झोप. त्यात आमचा उकाडा, सासूबाईंची औषधं, मुलांच्या परीक्षा. विणकर पार दमलेला आणि पत्र्या सगळ्या जागेवर. विचार जास्त येणारच. यात विश्वास मोजला जात नाही.

१९९० सालच्या एका प्रयोगात वेग्नर यांच्या गटाने थेट लैंगिक विचारच घेतले आणि त्वचेची विद्युतवाहकता मोजली. उत्तेजना वाढली की घाम सूक्ष्म प्रमाणात वाढतो आणि ती वाहकता वाढते. लैंगिक विचार करणाऱ्यांइतकीच उत्तेजना तो विचार दाबणाऱ्यांमध्येही दिसली.

चर्चच्या इतिहासात हा प्रयोग आधीच होऊन गेलेला आहे. संत जेरोम यांनी ३८४ साली युस्टोकियम या तरुण व्रतस्थ स्त्रीला पत्र लिहिलं. त्यात ते आपल्या वाळवंटातल्या दिवसांबद्दल सांगतात: उपासाने अंग गार पडलेलं, सोबतीला विंचू आणि रानटी जनावरं, आणि मन मात्र रोममधल्या नाचणाऱ्या मुलींमध्ये. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या माणसाची ही कबुली आहे, आणि ती त्यांनी एका स्त्रीजवळ दिली. आपल्या सभांमध्ये हे पत्र कधी वाचलं गेलेलं मी ऐकलं नाही.

मग करायचं काय? वेग्नर यांनी पहिल्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट करून पाहिली होती. काही जणांना सांगितलं, अस्वल आठवलं तर लाल फोक्सवॅगन गाडी डोळ्यांपुढे आणा. दर वेळी तीच एक गाडी. या लोकांमध्ये नंतरची उसळी कमी झाली. मन सैरावैरा पळवून चालत नाही, विणकराला एकच ठरलेला धागा हातात द्यावा लागतो. आपल्याकडे तो आयताच आहे. "प्रभू, हा विचार येऊ देऊ नको" या प्रार्थनेत विचाराचं नाव बसलेलं असतं, पत्री धाग्याला टेकलेलीच राहते. त्याऐवजी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र पहिल्या शब्दापासून म्हणत जायचं. दर वेळी तेच, घाई न करता. विचार आला तर 'आला' एवढं म्हणायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २००१ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा ही उसळी लहान ते मध्यम आकाराची निघाली. दाबलेला प्रत्येक विचार राक्षस होऊन परततो असं नाही.

आणखी काही चिठ्ठ्या वाचून माझा जीव कळवळला. नको असताना, किळस वाटत असताना शरीराने प्रतिसाद दिला, म्हणून वर्षानुवर्षं स्वतःला दोषी मानणाऱ्या बायका आपल्यात आहेत. त्यांनी हे नीट वाचावं. २०१० साली मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी कित्येक प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली. जननेंद्रियाचा प्रतिसाद आणि मनाला वाटणारी उत्तेजना किती जुळतात, हे त्यांना पाहायचं होतं. पुरुषांमध्ये हा सहसंबंध (पूर्ण जुळलं तर १, मुळीच नाही तर ०) ०.६६ निघाला, स्त्रियांमध्ये केवळ ०.२६. रक्तपुरवठा वाढणं, ओलावा येणं या आपोआप होणाऱ्या क्रिया आहेत. त्यातून इच्छा सिद्ध होत नाही, आणि संमती तर मुळीच नाही.

'व्यभिचाराचा आत्मा' काढून देतो म्हणणाऱ्या काहींकडे बायकांना घेऊन जातात. तिथे आरडाओरडा होतो, कधी पैसे मागतात, आणि बाई घरी येते ती आणखी एक पत्री लटकवून. मोबाइलवरचे 'डोपामिन डिटॉक्स' विकणारे मला त्यांच्याच जातीचे वाटतात. डोपामिन हे मेंदूतलं एक रसायन आहे, साठून राहणारं विष नव्हे. पार्किन्सनच्या आजारात ते कमी पडतं आणि हातपाय हलवणं अवघड होतं.

खरा आजारही असतो, तो वेगळा ओळखावा. वागण्यावरचा ताबा दीर्घकाळ सुटला असेल, घर आणि काम विस्कटलं असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याला नाव आहे. त्याच नोंदीत हेही स्पष्ट लिहिलं आहे, की त्रास निव्वळ नैतिक अपराधीपणाचा असेल तर तेवढ्यावर हे निदान करू नये. प्रार्थनेच्या वेळी नेमके घाणेरडे विचार येतात आणि पापक्षमा पुन्हा पुन्हा मागत राहावी लागते, असं असेल तर तो मंत्रचळ (ओसीडी) असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञाकडे जायला लाज वाटू देऊ नका.

पवित्रतेचं मोजमाप कुठे ठेवायचं, हे विज्ञान सांगत नाही. ते आपण वचनातून घेतो आणि मीही तिथूनच घेते. पण प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हाला परीक्षेत आणू नको' म्हणताना आपण 'परीक्षा' म्हणतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. मूळ ग्रीक शब्दात मोह आणि कसोटी हे दोन्ही अर्थ आहेत. परीक्षेला बसलेली मुलगी नापास झालेली नसते.

पुढच्या सभेत मी हे सगळं सांगितलं आणि शेवटी अम्मा साराची गोष्ट सांगितली. इजिप्तमधल्या आरंभीच्या काळातल्या या तपस्विनीची वचनं मठांच्या परंपरेने जपली आहेत. तेरा वर्षं ती कामवासनेशी झुंजली. ही झुंज थांबव, असं तिने एकदाही मागितलं नाही. "देवा, मला बळ दे," एवढंच म्हणत राहिली. एकदा ती माळवदावर प्रार्थनेला गेली, तेव्हा तो मोह रूप धरून समोर आला आणि म्हणाला, सारा, तू मला जिंकलंस. ती म्हणाली, मी नाही, माझ्या प्रभू ख्रिस्ताने.

मागच्या रांगेत एक आजी बसल्या होत्या, अर्धं आयुष्य मागाच्या कारखान्यात काढलेल्या. सभा संपल्यावर त्यांनी माझा हात धरला. "बाई, तुमचं मागाचं बरोबर हाय, पर एक सांगायचं ऱ्हायलं. पत्री आपणहून नसती बसत धाग्यावर. कुणीतरी बसून एकेक अडकवावी लागती."