गाईची ढेकर आणि वेलिंग्टनचा ट्रॅक्टर

सप्टेंबर 2003 मध्ये न्यूझीलंडचे खासदार शेन आर्डर्न यांनी ‘मर्टल’ नावाचा जुना ट्रॅक्टर वेलिंग्टनच्या संसदेच्या पायऱ्यांवर चढवला. गुराढोरांच्या पोटातून निघणाऱ्या मिथेन या हवा तापवणाऱ्या वायूवर संशोधन करायला सरकार शेतकऱ्यांकडून पट्टी वसूल करणार होतं. लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘पादकर’. ओरड एवढी झाली की तो बेत गुंडाळावा लागला. खरं तर नावच चुकलं होतं. गुरांचा बहुतेक मिथेन तोंडावाटे, ढेकरेतून बाहेर पडतो.

गाईच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, जंतू चारा आंबवतात, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि मिथेनजनक सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात. चाऱ्यातली 2 ते 12 टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. 1960 च्या दशकात संशोधक मागे लागले ते या नासाडीच्या. हवामानबदलाची चर्चा तेव्हा गोठ्यापर्यंत पोचली नव्हती. क्लोरोफॉर्मसारख्या संयुगांनी मिथेन अडतो हे तेव्हाच कळलं होतं, पण ते जनावराला रोज कोण चारणार?

पुढची वाट समुद्राकाठी सापडली. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर एका शेतकऱ्याच्या ध्यानात आलं, की किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ खाणाऱ्या गाई जास्त धडधाकट आहेत. तो धागा धरून संशोधक रॉब किनली ऑस्ट्रेलियात पोचले. तिथे अ‍ॅस्परागॉप्सिस हे लाल शेवाळ सगळ्यांत प्रभावी ठरलं. त्यातला ब्रोमोफॉर्म मिथेन तयार होण्याची शेवटची पायरीच अडवतो. हवाईत हेच शेवाळ ‘लिमू कोहू’ म्हणून माणसं चवीने खातात!

दुसरीकडे 3-एनओपी हे मिथेन अडवणारं, कारखान्यात बनवलेलं संयुग आलं. 2015 च्या अमेरिकी प्रयोगात दुभत्या गाईंचा मिथेन सुमारे 30 टक्क्यांनी घटला. 2022 मध्ये युरोपीय संघाने आणि 2024 मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली.

पण हे आकडे गव्हाणीतल्या गाईचे. गोठ्यात प्रत्येक घासाबरोबर अशी पावडर पोटात जाते. न्यूझीलंडची गाय दिवसभर कुरणात असते, फार तर दोन वेळा धारेला येते. तेव्हा दिलेल्या मात्रेचा असर काही तासांत ओसरतो आणि ती पुन्हा गवताला तोंड लावते. म्हणून तिथे आता कोटीपोटात बसून औषध हळूहळू सोडणाऱ्या मोठ्या गोळीवर काम चाललंय.

आपल्याकडे बंगळुरूच्या पशुपोषण संशोधन संस्थेने 2021 मध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या वनस्पतींपासून केलेलं, मिथेन घटवणारं ‘हरित धारा’ही खाद्यातच कालवायचं आहे. माळावर चरणाऱ्या गुरांपर्यंत ते पोचवायची सोय अजून व्हायची आहे.