आयटीआयचा फॉर्म भरला, पण यादीत नाव नाही

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी तेच चेहरे दिसतात. मुलगा, सोबत आई नाहीतर मामा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. म्हणतात, ‘फॉर्म तर वेळेत भरला होता.’ खरंच भरलेला असतो. फक्त निश्चित केलेला नसतो.

आयटीआय ज्या योजनेखाली चालतात ती कारागीर प्रशिक्षण योजना देशात 1950 साली सुरू झाली. महाराष्ट्रात 1984 मध्ये त्यासाठी व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय वेगळं झालं आणि हळूहळू आयटीआय तालुक्यापर्यंत पोचलं. आज राज्यात चारशेच्या वर शासकीय संस्था आहेत, खासगी त्याहून जास्त. पूर्वी प्रत्येक संस्थेच्या दारात जाऊन वेगळा फॉर्म भरावा लागायचा. आता सगळ्यांसाठी एकच ऑनलाइन अर्ज आणि एकच गुणवत्ता यादी. मुलांची पायपीट वाचली, पण आता एक चूक झाली तर ती सगळ्याच संस्थांना लागू होते.

वय किमान 14 पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. फिटर, इलेक्ट्रिशियनसाठी दहावी विज्ञान-गणितासह पास. दहावी नापास झालेल्यांनाही वायरमन, वेल्डर, सुतारकाम, शिवणकाम असे ट्रेड, म्हणजे व्यवसायाचे अभ्यासक्रम, खुले आहेत. घरात रडारड चालू असते तेव्हा ही गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता अर्ज निश्चितीचं. फॉर्म भरणं आणि निश्चित करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि वेळापत्रकात त्यांच्या तारखाही वेगळ्या दिलेल्या असतात. नेट कॅफेवाला प्रिंट काढून देतो, पोरगं ती जपून ठेवतं आणि घरी जातं. शुल्क भरून, कागद तपासून अर्ज निश्चित झाला नाही, तर गुणवत्तेसाठी तो धरलाच जात नाही. निश्चित झाल्यावर पसंतीचे विकल्प, म्हणजे कोणती संस्था आणि कोणता ट्रेड हवा ते, क्रमाने भरायचे असतात, तेही विसरू नका. पुढे प्राथमिक यादी लागते. तिच्यात नाव, गुण, प्रवर्ग तपासा आणि चूक असेल तर हरकतीच्या मुदतीतच नोंदवा. अंतिम यादी लागल्यावर खिडकीपाशी कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग होत नाही.

सगळ्यात जास्त मुलं अडतात ती जातीच्या दाखल्यापाशी. आरक्षणाच्या जागेसाठी लागणारा हा दाखला तुम्ही आज राहता तिथला प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, देत नाही. ठरलेल्या तारखेला तुमचे पूर्वज जिथे राहत होते, तिथला प्रांत देतो. ती तारीख अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. पिंपरीत वाढलेल्या मुलीचे आजोबा लातूर जिल्ह्यातले असतील, तर फेरा लातूरलाच. मागतात काय, तर त्या तारखेआधीची जातीची नोंद. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्यांनी ती कुठून आणायची? कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी काढलेल्या शिक्षणाच्या दारातच हा प्रश्न उभा करणं मला अन्यायाचं वाटतं. पण वाट आहे. आजोबांचा नाही, तर त्यांच्या भावाचा शाळेच्या रजिस्टरातला उतारा चालू शकतो, मात्र वंशावळ जोडावी लागते. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाची नक्कल मागा, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीत जात लिहिलेली सापडते. वडिलांचा किंवा सख्ख्या काकांचा दाखला आधीच निघालेला असेल, तर काम खूप सोपं होतं. हे सगळं निकालानंतर नाही, दहावीच्या दिवाळीतच सुरू करा.

ओबीसी, विमुक्त, भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गाला नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही असं प्रमाणपत्रही लागतं. ते 31 मार्चला संपतं. गेल्या जूनमध्ये काढलेलं, म्हणजे वर्ष पूर्ण व्हायचंय, हा हिशोब चुकतो. दाखल्यावरची ‘पर्यंत वैध’ ही ओळ वाचा. मुदत संपलेला कागद घेऊन प्रवेशाला गेलात, तर आरक्षणातून मिळालेली जागा हातची जाते. अनुसूचित जाती-जमातींना हा कागद लागत नाही, तरी दाखल्यांचे अर्ज घेणाऱ्या सेतू केंद्रात त्यांच्याकडूनही पैसे घेऊन अर्ज भरून घेतलेले मी पाहिलेत.

शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, आधार हे नेहमीचंच. नावाचं स्पेलिंग मात्र तिन्हीकडे जुळवून पाहा.

आणि विकल्पांचा क्रम. पहिल्या फेरीत पहिला विकल्प मिळाला की प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. मित्राने टाकलं म्हणून चाळीस किलोमीटरवरची संस्था पहिली टाकू नका. सकाळची एसटी तिथे वेळेत पोचते का, एवढं आधी स्टँडवर विचारून या.