पहिल्या सायकोसिसमधली निगेटिव्ह लक्षणं: पार्श्वभूमी

भास, संशय, कानात आवाज, हे घरच्यांच्या लगेच लक्षात येतं. पण मुलगा चार-चार दिवस आंघोळ करत नाही, काही विचारलं की नुसतं 'हो' नाहीतर 'नाही', मित्राचा फोन वाजतोय तरी हात पुढे करत नाही, याला आपल्याकडे सरळ आळस म्हणतात. पहिल्यांदा सायकोसिस (म्हणजे भास-संशयांमुळे वास्तवाशी संबंध तुटणं) आलेल्यांच्या बाबतीत या 'निगेटिव्ह', म्हणजे असायला हवं ते कमी झाल्याच्या, लक्षणांकडे नीट बघायला खूपच उशीर झाला आणि त्यामागे इतिहास आहे.

मुळात १९११ च्या आसपास स्विस डॉक्टरांनी भावना आटणं, स्वतःतच बुडून जाणं हेच स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे सायकोसिसच्या एका मोठ्या आजाराचं, मुख्य अंग मानलं होतं, भास-संशय त्यांच्या मते दुय्यम. मग १९५२ पासून औषधं आली, ती चालली भास-संशयांवर, त्यामुळे लक्षही तिकडेच गेलं. १९८० च्या अमेरिकन निकषांतही निदानाचा भर तिकडेच, निगेटिव्ह लक्षणांना स्वतंत्र जागा मिळाली ती १९९४ मध्ये.

१९८० मध्येच लंडनमधून एक मांडणी आली, आजाराचे दोन प्रकार, एक औषधाने सुधारणारा आणि दुसरा निगेटिव्ह लक्षणांचा, मेंदूच्या रचनेतल्या बदलाशी जोडलेला. स्कॅनचा त्याआधीचा अभ्यास होता वर्षानुवर्षं हॉस्पिटलमध्ये राहिलेल्या पेशंटवर. तिथूनच 'निगेटिव्ह म्हणजे जुना, न सुधारणारा आजार' हा समज घट्ट झाला असं मला वाटतं.

खरा घोळ झाला १९८८ मध्ये. अमेरिकेत 'डेफिसिट' (कमतरता) प्रकाराची व्याख्या ठरली, त्यात दोन अटी, लक्षणं आजाराचीच हवीत, दुसऱ्या कशामुळे आलेली नकोत, आणि किमान १२ महिने टिकलेली हवीत. पहिली अट अगदी योग्य, कारण डिप्रेशनमध्येही माणूस गप्प होतो, भीतीनेही होतो, आणि औषधाच्या साइड इफेक्टनेही चेहरा निर्विकार होतो, चालताना हात हलत नाहीत, डोस कमी केला की तेच हात परत हलायला लागतात. पण जो पोरगा आत्ता पहिल्यांदा आलाय त्याच्यासाठी १२ महिने थांबायचं? वर्षभरात कॉलेज सुटतं, नोकरी जाते, मित्र तुटतात. म्हणून पुढे 'पर्सिस्टंट' म्हणजे टिकून राहिलेली लक्षणं अशी सैल व्याख्या आली, साधारण ६ महिने, भास-संशय आणि डिप्रेशन कमी असताना. तरी पहिल्या एपिसोडच्या, म्हणजे आजाराच्या पहिल्या झटक्याच्या, अभ्यासांत कोणी ३ महिने धरले, कोणी ६, कोणी १२, त्यामुळे किती जणांना हा त्रास असतो याचे आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. थांबून बघायची अट रिसर्चला सोयीची होती, पेशंटला नाही, हे मी ठामपणे म्हणेन.

दरम्यान जर्मनीत पहिल्यांदा ऍडमिट झालेल्यांचा मागचा काळ खोदून विचारला तेव्हा कळलं की बहुतेकांची सुरुवात भासांनी झालीच नव्हती, डिप्रेशनसारखी किंवा निगेटिव्ह लक्षणं आधी, काहींना तर कित्येक वर्षं आधी. म्हणजे 'जुन्या आजाराची' म्हणून ओळखली जाणारी लक्षणं सगळ्यात आधी आलेली होती. १९९२ मध्ये मेलबर्नला फक्त पहिल्या एपिसोडच्या तरुणांसाठी सेवा सुरू झाली आणि तशा सेवा पसरल्यावर हेही दिसत गेलं की उपचार जितके लांबतात तितकी ही लक्षणं जास्त राहतात.

२००५ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञ बसले आणि पाच गोष्टी ठरल्या: चेहऱ्यावर भाव न दिसणं, बोलणं आटणं, उमेद नसणं, कशातच मजा न वाटणं, माणसांत न मिसळणं. त्यातही उमेद नसणंच शिक्षण आणि नोकरीला सगळ्यात जास्त मारतं, आणि त्यावर औषधांचा हात अजून तोकडाच आहे.

आपल्याला जवळचा धागा चेन्नईचा. तिथल्या आणि माँट्रियलच्या पहिल्या एपिसोडच्या पेशंटची दोन वर्षांची तुलना २०२० मध्ये छापून आली, उपचारांची पद्धत दोन्हीकडे सारखीच. भास-संशय दोन्हीकडे जवळपास सारखे ओसरले, निगेटिव्ह लक्षणं मात्र चेन्नईत जास्त सुधारली, आणि त्यात घरच्यांच्या आधाराचा वाटा दिसला.