बेडिंग की फिटिंग? रायफलचा नवा स्टॉक नेमके काय सुधारतो

स्टॉक बदलला आणि ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका, आवळला, असे नेमबाजांच्या बोलण्यात वारंवार येते आणि ते बहुधा खरेही असते. पण तो कशामुळे आवळला, याचे नीट उत्तर क्वचितच मिळते. स्टॉक म्हणजे रायफलचा दस्ता एकाच वेळी दोन कामे करतो. तो नळी आणि अ‍ॅक्शन (काडतूस भरण्याची व झाडण्याची यंत्रणा) यांना धरून ठेवतो, आणि तोच रायफलला नेमबाजाच्या खांद्याशी, गालाशी व हाताशी जोडतो. पहिल्या कामाला बेडिंग म्हणतात, दुसऱ्याला फिटिंग. बाजारातून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा स्टॉक ही दोन्ही कामे एकदमच बदलून टाकतो, त्यामुळे मूळ दोष यांपैकी कशात होता हे विकत घेणाऱ्याला कळतच नाही.

बेडिंगचा संबंध फक्त यंत्राशी आहे. गोळी सुटताना नळी कंप पावते. ते कंपन थांबवता येत नाही, मात्र प्रत्येक गोळीला ते सारखेच असले पाहिजे. त्यासाठी अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये कोणताही ताण न येता, पण घट्ट बसावी लागते, आणि नळीला पुढच्या बाजूला स्टॉकचा स्पर्श नसावा लागतो. यालाच नळी ‘फ्री फ्लोट’ करणे म्हणतात. लाकूड इथे दगा देते. पावसाळ्यात दार चौकटीत अडकावे तसा लाकडी फोरएंड, म्हणजे नळीखालचा स्टॉकचा पुढचा भाग, दमट हवेत फुगून किंवा पिळवटून नळीला टेकतो, आणि मार, म्हणजे गोळ्या पडण्याची जागा, एका बाजूला सरकतो. उपाय जुनेच आहेत: अ‍ॅक्शनच्या स्क्रूंभोवती धातूच्या नळकांड्या बसवणे, अ‍ॅक्शनखालची जागा इपॉक्सीने तिच्या आकाराप्रमाणे भरून घेणे, किंवा मुळातच लॅमिनेटेड लाकूड वा अ‍ॅल्युमिनियम वापरणे.

तपासणी घरी करता येते, अर्थात रायफल रिकामी असल्याची खात्री करूनच. साध्या कागदाची पट्टी नळी आणि फोरएंड यांच्या मधून पुढून मागे सरकवत न्यावी. ती जिथे अडते तिथे स्पर्श आहे. दुसरी तपासणी अधिक बोलकी आहे. नळी आणि फोरएंडचे टोक जिथे शेजारी येतात तिथे दोन्हींवर मिळून बोटाचे टोक ठेवावे आणि अ‍ॅक्शनचा एक स्क्रू हळूहळू सैल करावा. बोटाखाली नळी उचलली गेल्याचे किंवा खाली बसल्याचे जाणवले, तर स्क्रू आवळताना अ‍ॅक्शन वाकवली जात होती, असे समजावे.

बेडिंगची मर्यादाही इथेच सांगायला हवी, कारण जाहिराती ती सांगत नाहीत. एले आणि लापुआ या काडतूस उत्पादकांच्या चाचणी केंद्रांत नेमबाज आपल्या .22 (इंचात नळीचा व्यास) रायफलला कोणत्या लॉटची, म्हणजे एका खेपेत बनलेली, काडतुसे मानवतात हे पाहायला जातात, तेव्हा नळीसह अ‍ॅक्शन स्टॉकमधून काढून शिकंज्यात घट्ट धरण्याची पद्धत आहे. त्या नळीची कुवत स्टॉकशिवायच दिसून येते. चांगला स्टॉक ही कुवत वाढवत नाही. ती बिघडू देत नाही, एवढेच. नळी सामान्य असेल, तर कितीही महाग स्टॉक तिला असामान्य करणार नाही.

फिटिंगचा संबंध माणसाशी आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले, ते 50 मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात. तिथे गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत एकाच रायफलने नेम साधावा लागतो, आणि लक्ष्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा 10.4 मिलिमीटर असतो. तिन्ही स्थितींत मान वेगळ्या कोनात वळते आणि खांदा वेगळ्या जागी येतो. म्हणूनच या प्रकारच्या रायफलींची बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग), चीकपीस (गाल टेकण्याची जागा) आणि हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा तुकडा) पुढेमागे किंवा वरखाली करता येतात. हेतू असा की डोके जड ठेवून गाल टेकला, की डोळा आपोआप साइटच्या, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाच्या, रेषेत यावा. तो आणण्यासाठी मान ताणावी लागत असेल, तर पहिल्या पाच गोळ्या ठीक जातील आणि तिसाव्या गोळीपर्यंत ग्रुप उभा पसरेल. फिटिंगची चाचणीही सोपी आहे: नेम धरावा, डोळे मिटून दोनतीन श्वास घ्यावेत, आणि डोळे उघडल्यावर साइट कुठे गेली ते पाहावे. ती दर वेळी एकाच दिशेला जात असेल, तर तिला स्नायूंच्या जोरावर मध्यावर धरून ठेवले जात आहे. आधी शरीराची बैठक बदलून पाहावी आणि त्याने भागले नाही, तरच स्टॉकला हात लावावा.

हे दोन विचार नवे नाहीत. महाराष्ट्रात पोलिसांच्या खांद्यावर अनेक वर्षे दिसलेल्या ली-एनफिल्ड रायफलमध्ये ते दोन्ही सापडतात. तिचा मागचा दस्ता वेगळा असून तो लांब, नेहमीचा, आखूड आणि सर्वांत आखूड अशा मापांत बनवला जाई, म्हणजे शिपायाच्या हाताची लांबी विचारात घेतलेली होती, हे फिटिंग. पुढच्या लाकडाचा मात्र नळीला वरच्या दिशेने हलका दाब मुद्दाम ठेवलेला असे, आणि हे बेडिंग आजच्या फ्री फ्लोटच्या अगदी उलट आहे. नळीला स्पर्श असणे हा स्वतः दोष नव्हे; तो दिवसागणिक बदलणे हा दोष आहे.

घोळ होतो तो सीमेवरच्या उदाहरणांत. स्वस्त, लवचीक प्लॅस्टिकचा स्टॉक वाळूच्या पिशवीवर ठेवला तर उत्तम ग्रुप देतो. पालथे पडून स्लिंग (रायफल हाताशी बांधणारा पट्टा) आवळली, की त्याच स्टॉकचा फोरएंड ओढला जाऊन नळीला टेकतो आणि गोळ्या भरकटतात. पिशवीवर चांगला आणि हातात वाईट, असे पाहून कुणीही दोष फिटिंगला देईल, किंवा प्रशिक्षक नेमबाजाला देईल. वास्तविक तो बेडिंगचा आहे. स्लिंग ताणलेल्या अवस्थेतच कागदाची पट्टी सरकवून पाहिली, तर तो उघडा पडतो.

म्हणून खरेदीआधी एकाच लॉटच्या काडतुसांनी आधी पिशवीवरून आणि मग स्लिंगसह, प्रत्येकी दहा गोळ्यांचे काही ग्रुप घ्यावेत. पाच गोळ्यांचा ग्रुप नशिबानेही सुंदर येतो. दोष बेडिंगचा निघाला, तर बरेचदा जुन्याच स्टॉकची दुरुस्ती पुरते. दोष फिटिंगचा असेल, तर चीकपीसच्या जागी फोमचा तुकडा चिकटपट्टीने बसवून आणि बटप्लेटमागे पट्ट्या घालून आपले माप आधी ठरवावे. ते ठाऊक नसताना विकत आणलेला, सगळीकडून हलणारा स्टॉक हा गोंधळात टाकणाऱ्या स्क्रूंचा संग्रह ठरतो. माझ्या मते क्लबपातळीवरच्या बहुतेकांना बेडिंगपेक्षा फिटिंगचीच उणीव अधिक असते.

नवा स्टॉक लावल्यावर मार जुन्या जागेवरून हटतो. हे अपेक्षितच आहे, कारण अ‍ॅक्शनवरचा ताण आणि खांद्यावरची बैठक दोन्ही बदललेली असतात. साइट पुन्हा जुळवण्याआधी नव्या-जुन्या ग्रुपांची तुलना करायची असेल, तर ती त्यांच्या आकारावरून करावी, ते लक्ष्यावर कुठे पडले यावरून नव्हे.