उणे अडीचची रेषा: ऑस्टिओपोरोसिसच्या निदानाची पार्श्वभूमी

उतारवयात हाडे विरळ होतात आणि किरकोळ पडण्यानेही मोडतात (याच आजाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात), हे १९व्या शतकातील शल्यचिकित्सकांच्या लक्षात आले होते. रजोनिवृत्तीनंतर घटणाऱ्या इस्ट्रोजेनशी त्याचा संबंध मात्र १९४०च्या सुमारास जोडला गेला. त्यानंतरही कित्येक वर्षे आजार कळायचा तो हाड मोडल्यावरच, कारण साध्या एक्स-रेत विरळपणा दिसेपर्यंत बरेच खनिज निघून गेलेले असते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस डेक्सा ही क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी यंत्रे आली आणि मणक्यांची व खुब्याची घनता काही मिनिटांत मोजता येऊ लागली. आता प्रश्न होता तो घनता किती घसरली म्हणजे आजार म्हणायचे, हा.

१९९४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने त्यावर आकडा दिला: तरुण निरोगी स्त्रियांच्या सरासरीच्या तुलनेत टी-स्कोअर (घनता त्या सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर आहे ते सांगणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, आणि उणे १ ते उणे २.५ यांच्या दरम्यान असेल तर ऑस्टिओपेनिया. निसर्गाने हाडात अशी कोणतीही रेषा आखलेली नाही. रजोनिवृत्त स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के या मर्यादेखाली येत होत्या आणि हे प्रमाण आयुष्यभरातील अस्थिभंगाच्या धोक्याशी ढोबळपणे जुळत होते, म्हणून ती सोयीची ठरली. शिवाय तिचा आधार गौरवर्णीय स्त्रियांची मोजमापे हा होता आणि मुख्य हेतू समाजातील आजाराचे प्रमाण अजमावणे हा होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत या आजारासाठी अ‍ॅलेन्ड्रोनेट या औषधाला मान्यता मिळाली आणि पाहता पाहता हीच रेषा औषध सुरू करण्याची खूण बनली. त्याहून अनाठायी म्हणजे, ऑस्टिओपेनिया हा आकडेवारीतला मधला कप्पा असंख्य स्त्रियांच्या फाइलीत आजार म्हणून नोंदला गेला.

उणे २.६ असलेली ५२ वर्षांची स्त्री रेषेखाली जाते, उणे २.३ असलेली, पूर्वी मनगट मोडलेली ७८ वर्षांची स्त्री वर राहते. नजीकच्या वर्षांत हाड मोडण्याचा धोका मात्र सहसा दुसरीलाच अधिक असतो. एकूण अस्थिभंगांपैकी निम्म्याहून अधिक रेषेच्या वरच्या स्त्रियांत होतात, कारण त्यांची संख्याच मोठी असते.

ही त्रुटी भरून काढण्यासाठी २००८ मध्ये वय, वजन, पूर्वीचा अस्थिभंग, आईवडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान आणि स्टिरॉइड यांवरून पुढील १० वर्षांचा धोका काढणारे गणकयंत्र आले. वारंवार पडण्याचा इतिहास मात्र त्यातही धरलेला नव्हता, आणि खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडल्यानेच.